मिक्सरमधली तिसरी हाक

दार बंद झालं तेव्हा मी मिक्सरच्या पोटात उकिडवा बसून छिन्नीनं रेती खरवडत होतो. कानात कापसाचे बोळे होते, त्यामुळे आवाज असा आलाच नाही. नुसता कानाच्या पडद्यावर दाब आला आणि पाठीवरचा उजेड गेला. मला वाटलं, ढग आला. आता फाउंड्रीच्या शेडमध्ये ढग कुठून येणार? पण माणसाला आधी सोयीचंच सुचतं. मी मान वळवली. हेल्मेटवरच्या बॅटरीचा गोल दारावर पडला आणि उघड्या दाराच्या जागी लोखंड दिसलं.

"आरं, कोण हाय तिकडं? मी आत हाय की!"

बाहेर खिट्टी पडल्याचा हादरा बसला. तेवढंच उत्तर.

मी श्रीपती मगदूम. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, रेतीचे साचे करण्यात माझी हयात गेली. आमचा रेतीचा मिक्सर म्हणजे एक लोखंडी पिंप, पण चांगलं खोलीएवढं. आत दोन चाकं. एकेक चाक दोन गाभण म्हशींच्या वजनाचं. मी काही तोलून बघितलेलं नाही, पण म्हशी दोनच धरा, कमी नकोत. चाकांच्या पुढं नांगरासारखे फाळ. रेती, माती, कोळशाची पूड आणि पाणी हे सगळं ते असं मळतं, की भाकरीचं पीठ मळणाऱ्या बाईनं लाजावं. मळताना रेती भिंतींना चिकटते आणि वाळून दगड होते. म्हणून रोज जेवणाच्या सुट्टीत एकानं आत शिरून ती खरवडायची. त्या दिवशी पाळी माझी होती.

दार लागलं म्हणून मला भीती वाटली नाही, राग आला. कारण आत शिरायच्या आधी मी बाहेरच्या विजेच्या पॅनेलचा मोठा खटका खाली ओढून त्याला माझं लाल कुलूप घातलं होतं. ते कुलूप तिथं असेपर्यंत खुद्द मालक आला तरी मिक्सर फिरत नाही. तेव्हा जीव सुरक्षित होता, फक्त माझी भाकरी गार होणार होती. कुणाला तरी हाक मारावी म्हणून मी चाकाला वळसा घालून खिडकीशी गेलो. खिडकी म्हणजे तळहाताएवढं भोक, त्याला जाड जाळी. रेती नीट मळली का ते बाहेरून बघायला ठेवलेली.

मी जाळीला डोळा लावला. शेडमध्ये कुणी नव्हतं. सगळे लांब कँटीनला. समोरच्या भिंतीवर हत्यारांचा फळा होता. त्यावर प्रत्येक हत्याराची पिवळी आकृती रंगवलेली. पान्याच्या आकृतीवर पाना, घणाच्या आकृतीवर घण. एकही आकृती रिकामी नव्हती. फळा कसा चित्रासारखा भरलेला. आणि शेवटच्या रांगेत, आपल्या आकृतीत अगदी नेटकं बसवलेलं, माझं लाल कुलूप. पांढऱ्या रंगात माझ्याच हातानं लिहिलेलं 'मगदूम'.

मी जाळीला धरूनच खाली बसलो.

ते कुलूप कुणी काढलं हे मला कुणी सांगायला नको होतं. सर्जेराव खोत. आमचा सुपरवायझर. माणूस वाईट नव्हता, पण त्याला मार्कांचं वेड लागलं होतं.

त्याचं असं झालं होतं. त्या वर्षी फाउंड्रीत एक सॉफ्टवेअर आलं. शेड टापटीप आहे का, वस्तू जागच्या जागी आहेत का, कुठं धोका आहे का, हे तपासणारं. त्याच्याबरोबर नसीमा मुल्ला नावाची इचलकरंजीची मुलगी आली, हातात टॅबलेट घेऊन. तिनं शेडमध्ये ठिकठिकाणी जमिनीवर पिवळी पावलं रंगवून घेतली. त्या पावलांवर उभं राहून फोटो काढायचा. मग टॅबलेट तो फोटो आपल्याजवळच्या आदर्श फोटोशी ताडून बघायचा. काही कमी दिसलं की लाल चौकट, काही जास्त दिसलं की लाल चौकट, आणि प्रत्येक चौकटीमागं मार्क कापले. सगळं जुळलं तर हिरवं.

आता आदर्श फोटो कधी काढायचे? तिनं सर्जेरावला विचारलं.

"मॅडम, खंडेनवमीला काढा," सर्जेराव म्हणाला. "वर्षातनं त्योच एक दिवस आमची फाउंड्री नवरीगत दिसती."

खरंच दिसायची. मशिनं धुतलेली, हत्यारं घासूनपुसून फळ्यावर, सगळ्याला हळदकुंकू, झेंडूच्या माळा. पूजा झाली की त्या दिवशी कुणी कशाला हात लावायचा नाही. नसीमानं फोटो काढले आणि टॅबलेटनं ते मनावर घेतलं. पुढच्या आठवड्यात त्यानं प्रत्येक मशिनवर लाल चौकट काढली आणि खाली लिहिलं, 'वस्तू जागेवर नाही'. कुठली वस्तू? झेंडूच्या माळा! आम्ही पोट धरून हसलो. नसीमा म्हणाली, नवीन फोटो घेऊ. पण सर्जेरावला कुठला धीर? त्यानं लक्ष्मीपुरीच्या बाजारातून प्लास्टिकच्या माळा आणून मशिनांना घातल्या. मार्क वाढले.

माळांवर सगळे हसले, मी सगळ्यात जास्त. त्या फोटोत सगळी कुलपंसुद्धा फळ्यावरच होती, कारण त्या दिवशी कुठल्याच मशिनच्या पोटात माणूस नव्हता, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्या टॅबलेटला वाटायचं, कुलपाची जागा फळ्यावर.

आणि त्या दिवशी दोन वाजता पुण्याचे ग्राहक लोक मार्क बघायला येणार होते. सर्जेराव सकाळपासून टॅबलेटमधल्या लाल चौकटी एकेक करून विझवत फिरत होता. मिक्सरचं दार उघडं, ही एक चौकट. कुलूप फळ्यावर नाही, ही दुसरी. चावी कुलपालाच होती, कारण खिशातली चावी रेतीत पडली तर सापडत नाही म्हणून ती कुलपालाच ठेवायची आमची पद्धत. त्यानं आत हाक मारली होती, असं तो नंतर शपथेवर सांगायचा. मारली असेल. मी चाकामागं कानात बोळे घालून दगड फोडत होतो.

मी कानातले बोळे काढून फेकले. वेळ किती झाला होता कळायला मार्ग नव्हता. मोबाईल कपाटात, तोही टॅबलेटचाच नियम. एवढंच ठाऊक होतं की सुट्टी संपल्याचा भोंगा वाजेल, मिक्सर चालवणारा पिराजी येईल, इशाऱ्याची घंटा वाजवेल आणि हिरवं बटण दाबेल. मी दाराला खांदा लावला. दार हललं नाही. हातोडीनं ठोकलं. पिंपात तो आवाज माझ्याच डोक्यात फुटला. अनवाणी पायांना रेती गार लागत होती आणि अंगातून घामाच्या धारा चालल्या होत्या. चाकाकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि बॅटरीचा उजेड पुन्हा पुन्हा तिथंच जायला लागला. चाकाखाली सापडलेली खिळ्याची टोपी मी एकदा बघितली होती. कागदासारखी झाली होती.

भोंगा वाजला.

पिराजी आला. मी जाळीतून बघत होतो. रेड्यासारखा गडी, एका हातानं साचा उचलणारा. जेवून खूश होता, काहीतरी गुणगुणत होता. माझा जीव भांड्यात पडला. मी जाळीला तोंड लावलं आणि छाती फुटेस्तोवर ओरडलो, "पिराजी!"

तो जागच्या जागी थिजला.

आणि त्याच्या तोंडाकडं बघताच माझ्या लक्षात आलं, की मी मेलो.

याला कारण बाळाप्पा. बाळाप्पा हे भूत. ते मी तयार केलेलं. पावसाळ्यात एकदा वीज गेली होती, कँटीनमध्ये सगळे कंटाळून बसले होते, तेव्हा मी सांगितलं की या मिक्सरच्या जागी पूर्वी तोफा ओतायचे आणि बाळाप्पा नावाचा ओतारी तापल्या रसात पडून मेला. तो अजून आत आहे. आधी आतून ठोकतो. मग त्याच्या कपाळावरचा जाळ दिसतो. मग तो नावानं हाक मारतो. एकदा, दोनदा, तीनदा. पहिल्या दोन हाकांना काही होत नाही. तिसऱ्या हाकेला जो 'ओ' देईल तो आत जातो आणि आतला बाहेर येतो. सगळे हसले होते. पिराजी हसला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं पॅनेलला लिंबू-मिरची बांधली. पुढं टॅबलेटनं तिच्यावरही लाल चौकट काढली आणि सर्जेरावनं ती काढून टाकली. तेव्हापासून पिराजी मिक्सरजवळ जरा जपूनच वावरायचा.

आता बघा. मी आतून ठोकत होतो. माझ्या कपाळावर बॅटरी होती. मी त्याला नावानं हाक मारत होतो. जिवंत माणसाला आतून जी जी खूण करता आली असती, ती ती मी आधीच भुताला देऊन बसलो होतो.

"पिराजी! आरं मी हाय, मी!" मी ओरडलो. पिंपात माझा आवाज असा घुमत होता की मलाच ओळखू येईना.

ही दुसरी हाक झाली. पिराजीच्या हातातली पाण्याची बाटली पडली. तोंडानं 'आई अंबाबाई' म्हणत तो जो पळाला, तो तिसरी हाक कानावर पडू नये म्हणून दोन्ही कान दाबूनच पळाला.

मी ओरडत राहिलो. पलीकडं साचे फोडायचं हादरणारं यंत्र चालू झालं. ते चालू झालं की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं बोलणंही तोंडाच्या हालचालीवरून ओळखावं लागतं. हातोडीचा आवाज त्यात मुंगीएवढासुद्धा उरला नाही. कोळशाची पूड घशात गेली. आवाज आधी चिरका झाला, मग नुसती हवा निघायला लागली. ज्या तोंडानं मी उभी हयात थापा मारल्या, त्या तोंडातून तेव्हा एक खरा शब्द निघेना.

थोड्या वेळानं तिघं आले. पुढं सर्जेराव, मागं टॅबलेट घेऊन नसीमा, आणि सगळ्यात मागं, तिच्या आडोशाला, तिच्या दुप्पट आकाराचा पिराजी. पॅनेल खिडकीला लागूनच होतं आणि यंत्राच्या आवाजामुळं ते एकमेकांच्या कानात ओरडत होते, म्हणून मला ऐकू येत होतं.

"दोनदा मारली हाक, सर्जेरावदा! नाव घिऊन! कपाळावर जाळ हाय त्याच्या!"

"जाळ तुझ्या डोक्यात हाय! मॅडम हायत म्हणून गप बसतोय, न्हाईतर चांगलं सुनावलं असतं. सर बाजूला, मीच चालू करतो."

"थांबा सर्जेरावदा," नसीमा ओरडली. "आधी फोटो घेऊ द्या. चालू झाल्यावर धूळ येते."

ती पिवळ्या पावलांवर जाऊन उभी राहिली. मी छिन्नी जाळीवर घासत होतो. बॅटरी हलवत होतो. बॅटरीही आता तांबूस झाली होती, विझत्या विडीएवढी. नसीमानं फोटो काढला आणि टॅबलेटकडं बघून भुवया उंचावल्या.

"अठ्ठ्याण्णव. एक लाल चौकट आहे. मिक्सरच्या पायरीखाली. बूट."

"कसले बूट?"

"तुमचेच कुणाचे तरी. आदर्श फोटोत नाहीत."

ते माझे होते. मिक्सरला खंडेनवमीचं हळदकुंकू लागलेलं असायचं, म्हणून आत जाताना आमच्यातलं कुणी पायात काही ठेवायचं नाही. नियम याच्या उलट होता, बूट घातल्याशिवाय शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही असा. पण देवळात शिरताना नियम कोण वाचतो? मी बूट काढून पायरीखाली सारले होते, कुणाच्या पायात येऊ नयेत म्हणून. बाहेर राहिलेली माझी तेवढीच खूण होती.

"उचल रं पिराजी," सर्जेराव म्हणाला. "टाक त्या रॅकवर. म्हणजे शंभर हुत्यात."

पिराजी वाकला आणि मला दिसेनासा झाला. मी डोळे मिटले. आता बूट जाणार, आणि मग या जगात श्रीपती मगदूम कुठं आहे हे सांगणारं काही उरणार नव्हतं.

पिराजी वर आला. हात रिकामे.

"आणलेस?"

"सर्जेरावदा, त्या बुटांची तोंडं मिक्सरकडं हायत."

"मग?"

"भुताचे पाय उलटे असत्यात. बाळाप्पा आत गेला असता तर टाचा मिक्सरकडं असत्या." त्यानं खाली बोट केलं. "हे सुलट्या पायाचं कोणतरी आत गेलंय."

"श्रीपाचे बूट असतील ते! ते बेनं अनवाणी हिंडत असंल कुठंतरी गप्पा हाणत. दार बंद हाय, कुलूप फळ्यावर हाय, सगळं हिरवं हाय. सर बाजूला, दोन वाजत आले."

"सर्जेरावदा, एकदा बघून घ्या ना," नसीमा म्हणाली.

"मॅडम, लोक गेटवर आल्यात!"

त्यानं खटका वर केला. पॅनेलचा लाल दिवा लागला, त्याचा उजेड जाळीतून माझ्या हातावर पडला. मग घंटा वाजायला लागली. इशाऱ्याची घंटा. ती थांबली की हिरवं बटण. ती घंटा बाहेरून मी हजारदा ऐकली असेल. आतून ऐकली की ती पोटात वाजते. मी चाकाला पाठ लावून उभा राहिलो आणि वेड्यासारखं दोन्ही हातांनी ते मागं रेटायला लागलो. दोन म्हशी.

तेवढ्यात जाळीतला उजेड गेला. कुणीतरी तोंड आणून लावलं होतं. पिराजीचं. डोळे घट्ट मिटलेले, ओठ पांढरे, घाम गळतोय. मग त्यानं तोंड वळवून जाळीला कान लावला.

मी पुढं झेपावलो. त्या कानाशी तोंड नेलं. आवाज नव्हताच. नुसत्या श्वासानं म्हणालो, "पिराजी."

ही तिसरी.

त्याचं अंग शहारलेलं मला जाळीतून दिसलं. त्याला नियम पाठ होता. मीच शिकवला होता. घरी त्याची बायको होती, दोन लहान पोरी होत्या. तो पळू शकत होता, पाय मोकळे होते त्याचे.

"ओ," पिराजी म्हणाला.

आणि ओ देऊन त्यानं सगळं अंग खटक्यावर टाकलं. खटका खाली आला, घंटा मध्येच तुटली, सर्जेराव धक्क्यानं बाजूला पडला. पिराजी खटक्याला लोंबकळून रडत ओरडत होता, "मला घे! मी ओ दिलीय! आत जो हाय त्याला सोड!"

नसीमा दाराकडं धावली. खिट्टी तिला उचलेना, मग सर्जेराव उठून आला आणि दोघांनी मिळून दार उघडलं. उजेड आत आला, त्यामागून मी बाहेर आलो. नखशिखांत काळा, फक्त डोळे पांढरे. बोलता येईना म्हणून मी आधी पाय पुढं केले आणि पिराजीला दाखवले. सुलटे.

तो माझ्या पायांना हात लावून लावून बघत राहिला.

सर्जेराव पिवळ्या पावलांवर मटकन बसला होता. फळ्याकडं बघत होता. "खटक्याला लोंबकळत हुतं," एवढंच म्हणाला. "मला वाटलं, कोण तरी विसरलंय." नसीमाच्या हातून टॅबलेटचं बटण चुकून दाबलं गेलं असावं, कारण तिनं खाली बघितलं आणि रडता रडता तिला हसू फुटलं. टॅबलेटनं माझा फोटो घेतला होता. माझ्याभोवती लाल चौकट, आणि खाली लिहिलेलं, 'अनावश्यक वस्तू. त्वरित हटवा.'

पुण्याच्या लोकांना त्या दिवशी गेटवरूनच परत पाठवलं. आठवड्याभरात नसीमानं सगळे आदर्श फोटो नव्यानं काढले, भर कामाच्या वेळी, मशिनात माणसं असताना आणि कुलपं खटक्यावर असताना. चाव्या गळ्यात आल्या. मिक्सरच्या पायरीपुढं बुटांसाठी पिवळी चौकट आली, तोंडं मिक्सरकडं केलेली. आणि सर्जेराव निवृत्त होईपर्यंत सकाळी भेटला की आधी माझ्या पायांकडं बघायचा, मग तोंडाकडं.

आता आम्ही सगळेच घरी बसलेले. पिराजी अधूनमधून येतो. चहा पितो, पोरींच्या सासरचं सांगतो, आणि उठता उठता हमखास विचारतो, "श्रीपतीदा, मी तर ओ दिली हुती. मग बाळाप्पानं मला न्हेलं कसं न्हाई?"

बाळाप्पा कधी नव्हताच, हे त्याला सांगायचं माझ्या अगदी ओठावर येतं. पण सांगितलं तर जाळीला तोंड लावून, डोळे मिटून, पोरींना मागं टाकून त्यानं दिलेली ती ओ कुणाला दिली होती? मी बशीतला चहा संपवतो.

"तुझी आठवण काढतोय की तो अजून," मी म्हणतो. "म्हणतो, एवढा जड गडी, मला काय ओढवला न्हाई."

पिराजी मान डोलावतो. त्याला ते पटतं. मग दारात बसून तो चपला घालतो, आणि घालायच्या आधी नीट बघतो, तोंडं कुठं आहेत ते.